बासेलमधील संग्रहालये आणि चित्राखालची शेवटची ओळ

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी 31 वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षांना मुले बसवताना युरोपीय चित्रकारांची जी काही ओळख मी त्यांना करून दिली ती छापील चित्रांच्या आधाराने, आणि त्यांतील बरीचशी चित्रे पोस्टकार्डाहून मोठी नव्हती. निवृत्तीनंतर, धाकटी मुलगी नोकरीनिमित्त राहते त्या स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी दहा आठवडे राहण्याचा योग आला. काय पाहायचे हा प्रश्न माझ्यापुढे नव्हता. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असताना, जर्मनचा एक शब्दही येत नसताना, एकटीने ते पाहायचे कसे, हा खरा प्रश्न होता.

बासेल हे ऱ्हाईन नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले, फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमांना लागून असलेले शहर आहे. शहर लहान असले तरी शहरात आणि आसपास मिळून चाळिसेक संग्रहालये आहेत. दर खेपेला तिकीट काढणे परवडणारे नव्हते. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांना शहराकडून एक कार्ड मिळते, त्यावर ट्राम मोफत असते आणि संग्रहालयांत सवलत मिळते. परंतु मी मुलीच्या घरी राहत असल्याने ते मला लागू नव्हते. अखेर आम्ही ऱ्हाईनच्या खोऱ्यातील तिन्ही देशांच्या 300 हून अधिक संग्रहालयांत चालणारा वार्षिक पास घेतला आणि त्याच्या जोडीला ट्राम-बसचा महिन्याचा पास काढला. या पासमुळे पैसे वाचले, पण माझ्या दृष्टीने त्याचा मोठा लाभ वेगळाच होता. आजचे तिकीट आजच वसूल केले पाहिजे ही घाई मनातून गेली, आणि एकाच दालनात तासभर बसून घरी परतले तरी चुकल्यासारखे वाटेनासे झाले.

पहिल्याच दिवशी मी सोमवार निवडला आणि बंद दारापाशी पोहोचले. तेथील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. दारावरच्या पाटीवरील ‘गेश्लॉसन’ म्हणजे ‘बंद’ हा मी शिकलेला पहिला जर्मन शब्द. त्यानंतर मी आठवड्याचा क्रमच ठरवून टाकला. सोमवारी रीहेन गावातील फोंडासिओं बायलर हे कलासंग्रहालय, कारण ते वर्षाचे सर्व दिवस उघडे असते. मंगळवारी आणि गुरुवारी कुन्स्टमुझेउम, म्हणजे शहराचे मुख्य कलासंग्रहालय. उरलेल्या दिवसांत जमेल ते. पाठीवरची पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते आणि काही ठिकाणी लॉकरला नाणे लागते, म्हणून पर्समध्ये एक-दोन फ्रँकची नाणी नेहमी वेगळी ठेवू लागले.

कुन्स्टमुझेउममध्ये मला सर्वप्रथम हान्स होल्बाइन (धाकटा) या सोळाव्या शतकातील चित्रकाराचे ‘थडग्यातील मृत ख्रिस्त’ पाहायचे होते. 1521-22 मधील हे चित्र मी पुस्तकात अनेकदा पाहिले होते, परंतु पुस्तकाच्या पानावर त्याचे माप कळत नाही. चित्र दोन मीटर लांब आणि उंचीला जेमतेम 30 सेंटिमीटर आहे. माणसाच्या देहाएवढी लांबी आणि शवपेटीएवढी अरुंद जागा, यामुळे छापील चित्रात न जाणवलेला एक कोंडमारा समोर उभे राहताच जाणवतो. हात आणि पाय हिरवट-काळे पडू लागलेले, डोळे आणि तोंड उघडे. मी त्या दिवशी दुसरे काहीही पाहिले नाही.

पुढच्या खेपेला त्याच चित्रकाराने रंगवलेले पत्नीचे आणि दोन मुलांचे चित्र पाहिले. इंग्लंडहून काही काळासाठी परत आल्यावर, 1528-29 च्या सुमारास, होल्बाइनने ते कागदावर रंगवले. पुढे आकृत्यांच्या कडेने कागद कापून तो लाकडी फळीवर चिकटवण्यात आला. पत्नीच्या थकलेल्या, तांबूस पापण्या त्याने जराही सौम्य केलेल्या नाहीत. व्यक्तिचित्रात खरेपणा म्हणजे काय, हे मुलांना समजावताना या चित्राची उणीव मला इतकी वर्षे जाणवत होती, असे तेथे उभी असताना वाटले.

भाषेची अडचण मी चित्राखालच्या पाट्यांवरूनच थोडीथोडी सोडवली. ‘ओल आउफ होल्त्स’ म्हणजे लाकडावरील तैलरंग, हे दोन दिवसांत पाठ झाले. त्याहून उपयोगी ठरली ती पाटीची शेवटची ओळ. चित्र संग्रहालयात कसे आले, ते तेथे लिहिलेले असते: ‘गेशेंक’ म्हणजे कुणी तरी भेट दिलेले, ‘लाइहगाबे’ म्हणजे मालकी दुसऱ्याची असून संग्रहालयाकडे ठेवायला दिलेले. होल्बाइनच्या कितीतरी चित्रांखाली ‘आमरबाख’ हे नाव येते. बोनिफासियुस आमरबाख हा होल्बाइनचा समकालीन आणि त्याला पाठिंबा देणारा. त्याच्या मुलाने, बासिलियुसने, घरातला संग्रह जोपासून वाढवला. 1661 मध्ये तो शहराबाहेर विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा शहराने आणि विद्यापीठाने मिळून तो विकत घेतला आणि 1671 पासून लोकांना पाहण्यासाठी खुला केला. आपल्याकडे शिवराज्याभिषेक होण्याच्या तीन वर्षे आधी एका गावाने चित्रे सर्वांना पाहता यावीत अशी व्यवस्था केली होती, हे मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले.

त्या शेवटच्या ओळीमुळेच पिकासोच्या दोन चित्रांची हकीकत माझ्या ध्यानात आली. 1906 मधील ‘दोन भाऊ’ आणि 1923 मधील ‘बसलेला विदूषक’ ही चित्रे येथील श्टेशेलिन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने ‘लाइहगाबे’ म्हणून संग्रहालयाकडे ठेवली होती. 1967 मध्ये या कुटुंबावर पैशाची अडचण आली आणि ती विकण्याची वेळ आली. मागणी 84 लाख फ्रँकची होती. त्यांपैकी 60 लाख सार्वजनिक तिजोरीतून देण्याचे ठरले, आणि उरलेले 24 लाख लोकांनी रस्त्यांवर उत्सव भरवून, वर्गण्या काढून उभे केले. तिजोरीतील रकमेला विरोध झाल्यामुळे डिसेंबर 1967 मध्ये त्यावर मतदान घेण्यात आले आणि लोकांनी बहुमताने होकार दिला. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार 1971 मध्ये मिळाला, परंतु बासेल शहराच्या कँटनने, म्हणजे प्रांताने, तो 1966 मध्येच दिला होता. म्हणजे या चित्रांच्या बाजूने किंवा विरोधात मत देण्यासाठी तेथील स्त्रियाही रांगेत उभ्या राहिल्या असणार. वृद्ध पिकासोला ही बातमी कळल्यावर त्याने आपली आणखी चार चित्रे शहराला भेट दिली. आज ती सगळी एकाच संग्रहात आहेत. मी शाळेच्या मुलांना दरवर्षी औंधच्या संग्रहालयात नेत असे, आणि तेथील संग्रह राजाच्या कलाप्रेमातून कसा उभा राहिला ते सांगत असे. लोकांनी मत देऊन चित्र विकत घेतल्याचे उदाहरण मात्र त्यांना सांगण्यासाठी माझ्यापाशी नव्हते.

रीहेनला जाण्यासाठी सहा क्रमांकाची ट्राम थेट दारापाशी सोडते. एर्न्स्ट आणि हिल्डी बायलर हे दांपत्य चित्रांचा व्यापार करीत असे, आणि त्या व्यवसायात त्यांनी स्वतःजवळ राखलेल्या कलाकृतींसाठी रेंझो पियानो या वास्तुकाराने बांधलेली ही इमारत 1997 मध्ये उघडली. छत काचेचे आहे. ढग सरकला की दालनातला उजेड बदलतो आणि त्याबरोबर चित्रही बदलते. मोनेचे कमळांच्या तळ्याचे सुमारे नऊ मीटर लांबीचे त्रिखंडी चित्र मी तेथे पाहिले, आणि काचेच्या भिंतीपलीकडे बागेत खरोखरचे तळे आहे. या एका ठिकाणी मी पाच सोमवार घालवले, त्याबद्दल मला जराही खंत नाही.

टिंगेली या स्विस शिल्पकाराच्या संग्रहालयात नातवाला घेऊन गेले. मारिओ बोट्टाने बांधलेली ती इमारत नदीकाठीच आहे. भंगारातल्या चाकांपासून केलेली यंत्रे बटण दाबताच खडखडत फिरू लागतात. नातू खूश होता, मला मात्र आवाजाने लवकर थकायला झाले.

शेवटच्या दोन आठवड्यांत मी कुन्स्टमुझेउममधील रक्षक बाईंना खुणेने वही आणि पेन्सिल दाखवून रेखाटन करण्याची परवानगी मागितली. त्यांनी मान डोलावली आणि चित्रापासून किती अंतर राखायचे ते हाताने दाखवले. होल्बाइनच्या पत्नीचा चेहरा मी चार दिवस काढत होते. पापण्यांची रेघ शेवटपर्यंत हवी तशी उतरली नाही, तरी चौथ्या दिवशी त्या बाई मागे येऊन थांबल्या आणि चित्रातील धाकट्या मुलीच्या हाताकडे बोट दाखवून त्यांनी मला तो पुन्हा पाहायला लावला. मनगट मी फार बारीक काढले होते. मी ते खोडून नव्याने काढले.