आडनावाच्या रकान्यात नवरा

आमच्या गटात 26 जण होते. त्यातल्या 25 जणांना उझबेकिस्तानला जायला व्हिसाच लागत नव्हता. इंडोनेशियाच्या पासपोर्टवर फेब्रुवारी 2018 पासून 30 दिवसांसाठी नुसतं जायचं, विमानतळावर शिक्का घ्यायचा, झालं. सव्विसावी मी, भारतीय पासपोर्टवाली.

जकार्तात आमच्या शेजारच्या बू (इकडे मोठ्या बाईला बू म्हणतात, ताई-काकू-मावशी सगळं त्यात आलं) दरवर्षी कुठे ना कुठे जियारतीला, म्हणजे कबरींच्या दर्शनाला, जातात. या खेपेला समरकंद आणि बुखारा. पैगंबरांची वचनं गोळा करणाऱ्या इमाम बुखारींची कबर समरकंदजवळ आहे, आणि इंडोनेशियन माणसाला तिथे जाताना आपल्या घरचंच काही बघायला निघाल्यासारखं वाटतं. कारण इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो. 1956 साली ते सोव्हिएत युनियनला गेले तेव्हा समरकंदलाही गेले होते. त्यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना अट घातली की आधी इमाम बुखारींची कबर शोधा, मग मी येतो, अशी गोष्ट इकडे पोरंसोरंही सांगतात. खरी किती आणि रंगवलेली किती ते सोडा, त्या गोष्टीवर आज बसगाड्या भरभरून जातात.

मला ओढ वेगळी होती. बुखाऱ्याबाहेर बहाउद्दीन नक्शबंद या सूफी संतांची समाधी आहे, नक्शबंदी पंथ त्यांच्याच नावाचा. आमच्या औरंगाबादच्या पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर नक्शबंदी, तिकडूनच आलेले. शाळेची सहल दरवर्षी पाणचक्कीलाच जायची. एवढं कारण मला पुरलं.

टूर कंपनीनं सांगितलं, ई-व्हिसा आम्ही काढतो, 20 डॉलर फी आणि वर आमचा चार्ज. मी पासपोर्टची प्रत देऊन मोकळी झाले. तीच चूक.

गुरुवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर व्हिसा आला. पुढच्या शनिवारी विमान. उघडून बघते तर आडनावाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव! आणि कुलकर्णी गायबच.

शुक्रवारी साडेअकराला टूर कंपनीच्या ऑफिसात पोचले. (शुक्रवारी त्या वेळी जकार्तातल्या कुठल्याही ऑफिसात जाऊ नका. नमाज आणि जेवण धरून दीड वाजेपर्यंत कोणी भेटत नाही.) दोन तास बाहेरच्या बाकावर. मग व्हिसाचं काम बघणारा मुलगा आला, पंचविशीतला, अतिशय गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यावर चिडता येत नाही याचा आणखी राग.

त्यानं मला शांतपणे समजावलं की नाव बरोबरच आहे. पहिलं तुमचं, दुसरं वडिलांचं, तिसरं आजोबांचं. उमऱ्याच्या (मक्केच्या यात्रेच्या) व्हिसासाठी पूर्वी तीन शब्दांचं नाव लागायचं, आणि इंडोनेशियात एकाच शब्दाचं नाव असलेली माणसं ढीगभर. खुद्द सुकार्नोही त्यातलेच. मग ही मंडळी पासपोर्टवर वडिलांचं आणि आजोबांचं नाव वाढवून घ्यायची. या मुलाचा हात त्यावर बसलेला. त्याच्या हिशेबात कुलकर्णी हे माझे आजोबा, आणि आजोबांची या फॉर्मला गरज नाही म्हणून त्यानं ते सोडून दिले.

"मधलं नाव नवऱ्याचं आहे," मी म्हटलं.

"नवऱ्याचं? मग वडिलांचं कुठे गेलं?"

आता याला काय सांगणार! लग्नानंतर आमच्याकडे बाप जातो आणि नवरा येतो, हे इंडोनेशियन भाषेत सांगताना माझं मलाच विचित्र वाटायला लागलं. त्यांच्या बायकांचं कागदोपत्री नाव लग्नानंतर बदलत नाही. तो माझ्याकडे दयेनं बघत होता.

"पासपोर्ट नंबर बरोबर आहे ना, बू? नाव कोण बघतंय? साबार."

साबार म्हणजे आपली सबुरीच. शिर्डीपासून शंभरेक किलोमीटरवर वाढलेल्या बाईला हा सबुरी शिकवत होता. मी जागची हलले नाही. शेवटी त्यानं माझ्यासमोर नवा अर्ज भरला, आडनाव कुलकर्णी टाकलं, आणि मी विजयी मुद्रेनं घरी आले. स्क्रीन माझ्याकडे वळवून घ्यायचं मला सुचलं नाही. मंगळवारी दुसरा व्हिसा आला: कुलकर्णी आहेत, नवरा उडाला. आडनाव सोडून पासपोर्टवर दोन शब्द, व्हिसावर एक. कदाचित चाललंही असतं. पण ताश्कंदच्या विमानतळावर 'कदाचित' घेऊन उभं राहायची माझी तयारी नव्हती. झालेल्या व्हिसात दुरुस्ती करायची सोय मला सापडली नाही, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा 20 डॉलर.

त्या रात्री मीच बसले. वीस मिनिटांत झालं! पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात ना, बाणांच्या खुणांनी भरलेल्या, त्यातली वरची वाचा. देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग दोन बाण, मग उरलेलं सगळं 'गिव्हन नेम'. तिथे माझं आणि नवऱ्याचं नाव शेजारीशेजारी आहे, तसंच फॉर्ममध्ये टाकायचं. एजंटला द्यायचंच असेल तर हे कागदावर लिहून द्या, आणि सबमिट करायच्या आधी स्क्रीनचा फोटो मागा. 3 कामाचे दिवस लागतात, शनिवार-रविवार त्यात धरू नका. माझा शुक्रवारी दुपारी आला, विमानाच्या आदल्या दिवशी. मी बॅगसुद्धा भरली नव्हती.

ताश्कंदला अधिकाऱ्यानं पासपोर्ट स्कॅन केला आणि ठप्पा मारला. व्हिसाची छापील प्रत हातात धरलेली होती, ती त्यानं मागितलीही नाही.

पुढचं सगळं सुरळीत. वाटाड्या उझबेक मुलगा होता आणि आमच्या बायकांशी इंडोनेशियन भाषेत थट्टा करत होता. पुलावावर त्यांनी घरून आणलेली सांबालची चटणी ओतली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हो, हॉटेल सोडताना नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत जपा. परदेशी माणसाची राहण्याची नोंद तिथे व्हावीच लागते. आणि इंडोनेशियात किटासवर (मुदतीच्या रहिवासी परवान्यावर) राहत असाल तर परत यायच्या तारखेपर्यंत तो चालू आहे का ते निघण्याआधी बघा. हे मला विमानात आठवलं, आणि समरकंदचे पहिले दोन तास त्या काळजीत गेले.

जास्तीचे 20 डॉलर त्या मुलानं परत दिले, एकदाचेच, दोनदाचे नाहीत. कंपनीनं प्रत्येकाच्या बॅगेला नावाचा मोठा बिल्ला लावला होता. माझ्या बिल्ल्यावर माझं नाव, पुढे 'बिन्ती', म्हणजे अमक्याची मुलगी, आणि पुढे नवऱ्याचं नाव. नवऱ्यानं तो काढू दिलेला नाही.