मागून येणारा सूर

वाजवायचा कीबोर्ड आणि संगणक यांची जोडणी आज एकदाची सुरळीत झाली, याचा आनंद व्हायला हवा होता. परंतु संध्याकाळचा वर्ग आटोपून निवांत बसल्यावरही एकच गोष्ट मनात घोळत राहिली आहे, आणि ती म्हणजे दोष माझ्याच हाताचा आहे हे मी इतक्या सहजपणे कसे मान्य करून टाकले.

केबलचे प्रकरण लवकर मिटले होते. धाकट्या मुलाने पाठवलेल्या सामानातली केबल नुसती चार्जिंगची निघाली. तिच्यात विजेच्या दोन तारा होत्या, माहिती वाहून नेणाऱ्या दोन नव्हत्याच, त्यामुळे संगणकाला कीबोर्डचा पत्ताच लागत नव्हता. गणपती पेठेतून दुसरी आणली, तेव्हा पडद्यावर नाव उमटले. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. पट्टी दाबली की सूर किंचित रेंगाळून यायचा. विलंबित लयीत ते चालूनही गेले असते. पण द्रुत त्रितालात लेहरा, म्हणजे तबल्यासाठी पुन्हापुन्हा वाजवायची सुरावट, धरला की बोट समेवर पोहोचलेले असे आणि सूर मागून येई.

कीबोर्डचा स्वतःचा आवाज धाकट्याच्या सांगण्यावरून मी पूर्ण बंद ठेवला होता. त्यामुळे ताडून पाहायला काहीच नव्हते. ऐकू येत होता तो एकटा उशिराचा सूर, आणि त्यावरून मी माझे निदान करून मोकळी झाले. गेल्या बैठकीत आप्पांनी तबल्यावरून मान वर करून माझ्याकडे पाहिले होते ते आठवले. थंडीत आखडणारी करंगळी आठवली. आमचे हे असते तर त्यांनी ऐकताक्षणी सांगितले असते, पण ते असो.

आज वर्गातल्या एका मुलीचा हात आवाजाच्या बटणाला लागला आणि एकाच पट्टीतून दोन सूर निघाले. पहिला कीबोर्डमधून, अगदी बोटाबरोबर. दुसरा संगणकाच्या स्पीकरमधून, त्याच्या मागोमाग. "ताई, दोनदा का वाजतंय?" तिने विचारले. मी उत्तर न देता मध्य सा दाबत राहिले, कारण त्या पहिल्या सुरात माझा हात जिथल्या तिथे होता.

वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या मिडी या पद्धतीत आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच आकड्यांत जाते, आणि हा जोरही १ ते १२७ यांमध्ये मोजला जातो. १९८३ साली आलेल्या मूळ पाच पिनांच्या केबलवरूनसुद्धा एका सुराचा हा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोहोचतो, म्हणजे उशीर वाटेत होतच नाही. संगणक त्या निरोपावरून आवाज घडवतो आणि तो मध्येच तुटू नये म्हणून थोडा साठवून मग स्पीकरकडे सोडतो. तो साठा, म्हणजे बफर, आमच्याकडे १०२४ नमुन्यांवर होता; नमुना म्हणजे आवाजाची एका क्षणाची नोंद. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर तेवढ्यातच २३ मिलिसेकंद गेले, आणि संगणकाच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाची भर वेगळीच. तो नेहमीचा मार्ग टाळणारा असिओ ड्रायव्हर घालून बफर २५६ वर आणला, तेव्हा सूर बोटाखाली आला. हाव सुटून ६४ वर नेला, तर आवाज तडतडू लागला.

तंबोरा बोलेनासा झाला की मी तो मिरजेला नेते. तिथला सतारमेकर तार छेडून ऐकतो, घोडीवरचे सूत केसभर सरकवतो, जवारी घासतो, पुन्हा ऐकतो. गाणाऱ्याचा कान गेला की काय, असे तो कधीही विचारत नाही. त्याच्या दुकानात इतका चहा प्यायलेली मी, संगणकासमोर बसले आणि पहिला संशय स्वतःवर घेतला. धाकट्याने तसे मनात भरवले म्हणावे, तर तो बिचारा "आई, होईल सवय" एवढेच म्हणाला होता. आणि मी सवय करून घेतही होते, हेच मला जास्त लागले आहे. सूर मागून येतो म्हणून बोट आधी टाकू लागले होते. चांगल्या हाताला स्वतःच वाकडे वळण लावत होते, आणि त्याला रियाज म्हणत होते.

आता उरलेला उशीर जेमतेम सहा मिलिसेकंदांचा आहे आणि तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून दोन मीटर जातो. पाठीला भिंत हवी म्हणून आप्पा बैठकीत माझ्यापासून याहून लांब बसतात. तेव्हा गेल्या वेळी समेवर कोण उशिरा आले, हा विषय मी गुरुवारी काढणार आहे; अर्थात त्यांचा चहा झाल्यावर.