आखूड दावं

"एक गोटी उतरलीच न्हाय, डाक्टर," आजी म्हणाल्या. पोराची आई खाली मान घालून बसलेली. पोर 14 महिन्यांचं. सोनोग्राफीत 'डावं वृषण दिसत नाही' एवढंच लिहिलेलं. यात मी सोनोग्राफीवर विसंबत नाही. तिला दिसलं नाही म्हणून ते नसतंच असं नाही.

भूल चढल्यावर बोटांना साबण लावून जांघ पुन्हा चाचपली. जागेपणी दडलेलं वृषण कधी कधी तेव्हा हाताला लागतं. मग जांघेत छोटा छेद पुरतो, किंवा फार खाली असेल तर बियांकी पद्धतीने थेट अंडकोशातूनच काम होतं. आज काहीच लागलं नाही. बेंबीतून दुर्बीण घातली.

होतं. जांघेच्या आतल्या कड्याच्या, म्हणजे वृषण पोटातून जिथून खाली उतरतं त्या तोंडाच्या, दोनेक सेंटिमीटर वर, पावट्याच्या दाण्याएवढं, चांगलं गुलाबी. चिमट्याने धरून समोरच्या बाजूच्या कड्याकडे नेलं. तिथवर पोचलं तर एकाच वेळी खाली उतरवता येतं. हे अर्ध्या वाटेत अडलं, रक्तवाहिन्या तारेसारख्या ताणल्या.

"सर, फाउलर-स्टीफन्स?" हाताखालच्या रजिस्ट्रार डॉक्टरने विचारलं. 1959 ची कल्पना: मुख्य वाहिन्याच तोडायच्या आणि शुक्रवाहिनीलगतच्या बारीक धमनीवर वृषण जगवायचं. दोन टप्प्यांत करायचं तर तोडून सहाएक महिने थांबायचं, मग खाली आणायचं. बहुतेक जगतात. पण माझ्या हातचं एक असंच सुकून बेदाण्याएवढं झालं होतं. ते बोटांना आजही आठवतं. दुसरी वाट इजिप्तच्या शेहाता यांची: रक्तवाहिन्या न तोडता वृषण समोरच्या बाजूला पोटाच्या भिंतीला टाक्याने अडकवायचं, बारा आठवड्यांत वाहिन्या आपोआप लांबतात. टाका निसटला तर मात्र तीन महिने वाया.

दोन्ही शक्यता आधी सांगितल्या होत्या, तरी ऑपरेशन थिएटरच्या दारात बापाला आणि आजींना पुन्हा बोलावलं. "दावं आखूड आहे. तोडायचं किंवा ताणून लांबवायचं. कसंही केलं तरी ऑपरेशन दोनदा."

बाप गप्पच. आजी म्हणाल्या, "तोडलेलं दावं परत जोडता येतंय व्हय?"

वैद्यकीय कारण माझ्याकडे वेगळं होतं, उत्तर तेच. टाका घातला. भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला, कारण पुढचा हर्नियाचा रुग्ण सकाळपासून उपाशी होता.

बारा आठवड्यांनी दुर्बीण घातली तेव्हा आधी टाकाच शोधला. जागेवर होता. वाहिन्या सैलावल्या होत्या. वृषण अंडकोशात, कातडीखालच्या कप्प्यात विनासायास बसलं.

सहा महिन्यांनी तपासलं. उजव्यापेक्षा किंचित लहान, पण भरीव. पुन्हा चाचपायला गेलो तर पोराने सणसणीत लाथ घातली.