गच्चीची किल्ली मिळायला ३३ दिवस लागले

लॉकडाऊनमध्ये मन कसं सांभाळलंस असं कुणी विचारलं की मला आधी आमच्या सोसायटीच्या गच्चीचं कुलूप आठवतं. इतकी वर्षं झाली तरी राग येतो.

आम्ही डोंबिवलीत राहतो. वन बीएचके, दुसरा मजला. घरात चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि तेव्हा पहिलीत असलेला मुलगा. सासरे, म्हणजे अप्पा, शिमग्याला संगमेश्वरजवळ गावी गेले आणि तिथेच अडकले. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, त्याच दिवशी पाडवा होता. पहिला आठवडा बरा गेला, लोकलची मारामारी नव्हती. मग घर लहान व्हायला लागलं. नवरा दिवसभर पलंगावर लॅपटॉप घेऊन. सासूबाईंच्या बातम्या सकाळी सहाला सुरू, त्या रात्री जेवणापर्यंत. मला पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं, आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. एकदा मुलाने शुद्धलेखनात ओळ तिरकी लिहिली म्हणून मी पान टरकन फाडलं. तो रडला नाही. तुकडे उचलले आणि चिकटपट्टी शोधायला लागला.

त्या संध्याकाळी मी टीव्हीचा रिमोट माझ्याकडे घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने १८ मार्चलाच सांगितलं होतं की बातम्या दिवसातून एक-दोनदा, ठरलेल्या वेळी बघाव्यात. आम्ही सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात धरले, अर्धा अर्धा तास. सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वाल सोलायला घेतले.

पण ऊन कुठून आणायचं? सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात ऊन येतं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ओट्याच्या कोपऱ्यावर, सव्वाआठ ते पावणेनऊ. चौघांनी त्या हातभर उन्हात उभं राहायचं म्हटलं तर कसं व्हायचं? रस्त्यावर फिरायला मनाई. राहिली गच्ची, आणि तिला कुलूप.

६ एप्रिलला मी सेक्रेटरी काकांना फोन केला. म्हणाले, लेखी अर्ज द्या. त्याच दिवशी दिला. चार दिवस उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर म्हणे, फ्लॅट अप्पांच्या नावावर आहे, सभासदाची सही लागेल. सभासद संगमेश्वरला! अप्पांना फोन केला. त्यांनी वहीच्या पानावर अर्ज लिहिला, सही केली आणि फोटो पाठवण्यासाठी रेंज मिळेल अशा जागी, वर सड्यापर्यंत, म्हणजे कातळाच्या माळापर्यंत, भर उन्हात चालत गेले. वय वर्षं ७१. तो फोटो मी पुढे पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, फोटोतली सही चालत नाही, मूळ कागद हवा. मी विचारलं, काका, मूळ कागद आणणार कोण, एसटी बंद, पोस्टाची शाश्वती नाही. ते म्हणाले, मग कमिटीची मीटिंग होईपर्यंत थांबा. मीटिंग केव्हा? जमावबंदी आहे, मीटिंग घेता येत नाही.

हे मी आज शांतपणे लिहिते आहे, पण तेव्हा फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले होते. गच्ची काही कुणाच्या मालकीची नाही, सगळ्या सभासदांची सामाईक जागा आहे. गर्दी होईल ही त्यांची भीती खरी होती, ते मान्य आहे. मग गर्दी होणार नाही अशी व्यवस्था लावायची की कुलूप लावून मोकळं व्हायचं? एप्रिल असाच गेला. रोज सकाळी मी जिना चढून वरपर्यंत जायची, त्या कुलपासमोर पाच मिनिटं बसायची आणि खाली यायची. निदान जिना तरी चढून व्हायचा. (ही सवय मात्र कुणीही लावून घ्यावी. तेव्हा कोरोनामुळे कठड्याला हात लावायचा नाही, एवढं पाळायचे.)

तिथेच एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. गुडघे धरून, एकेक पायरी चढत वर आलेल्या. त्यासुद्धा कुलूपच बघायला आल्या होत्या. तेव्हा मला उमगलं की माझी चूक काय होती. मी महिनाभर एकटीच भांडत होते. अशा कामात पहिला अर्ज एकट्याने करूच नये. आम्ही दोघींनी एका संध्याकाळी सगळ्या घरांना फोन केले. २० फ्लॅट, १७ जणांनी हो म्हटलं. मी कागदावर वेळापत्रक आखलं: प्रत्येक घराला २० मिनिटं, मास्क लावून, किल्ली वॉचमनकडे, मध्ये पाच मिनिटं मोकळी. १७ नावं बघितल्यावर मूळ सहीचं नाव कुणी काढलं नाही. ९ मेला कुलूप उघडलं.

आम्हाला सकाळी सात वाजून पाच मिनिटांची वेळ मिळाली. टाकीजवळ पारव्यांची घाण, गंजलेले डिश अँटेना, आणि समोर मलंगगड इतका स्वच्छ, की सासूबाईंनी हात जोडले. मुलगा नुसता धावत सुटला. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

आठवलं तसं सांगते. दिवसा पलंगावर काम करू नका. नवऱ्याने शेवटी ओट्यालगत स्टूल टाकलं आणि त्याची पाठदुखी आणि चिडचिड दोन्ही कमी झाली. रोज एका माणसाला फोन करा, पण त्यात कोरोनाचा विषय नको; अप्पांशी आम्ही आंब्याबद्दल बोलायचो. आणि दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, असं झालं तर सवयींवर विसंबू नका, डॉक्टरांशी बोला. तेव्हा मला कुठे फोन करायचा तेच कळत नव्हतं. आता मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

जुलैत कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. पहिल्याच संध्याकाळी सेक्रेटरी काकांचा फोन आला, ते वेळापत्रक अजून आहे का म्हणून. होतं. पावसाळा होता, म्हणून प्रत्येक घराच्या नावापुढे मी एक ओळ वाढवली: पाऊस असेल तर टाकीखालच्या पत्र्याच्या आडोशाला उभं राहावं.