पंच घेताना आधी टोक बघा, मग माप

इथे ओहायोत कुणी नवीन माणूस विचारतो, "घरी बंदूक उघडायची आहे, कोणता पंच-सेट घेऊ?" (पंच म्हणजे पिन ठोकून बाहेर काढायची धातूची कांडी) तेव्हा मी उलट विचारते, "पिन कसली काढायची आहे?" भरीव पिन, रोल पिन आणि साइट (नेम धरायची खूण) या तिन्हींना वेगवेगळं टोक लागतं. एकाच जातीचे तीस पंच असलेला डबा घेऊन काही साधत नाही.

माझ्याकडे रुगर १०/२२ आणि एक एआर-१५ अशा दोन रायफली आहेत. १०/२२ चा ट्रिगर ग्रुप, म्हणजे चापाचा अख्खा जोड, धरून ठेवणाऱ्या दोन आडव्या पिना भरीव, गुळगुळीत. पितळी पंचाने दाबलं की बहुधा सरकतात, ठोकायची गरज पडत नाही. एआरच्या बोल्ट कॅचची, म्हणजे बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे अडकवून ठेवणाऱ्या खिट्टीची, गोष्ट वेगळी. तिथे रोल पिन असते, म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पत्र्याची सुरळी, भोकात आवळून बसलेली. सपाट टोकाचा पंच तिच्यावरून घसरतो, कड आत दुमडते आणि मग ती पिन हलायचं नाव घेत नाही. रोल पिन पंचाच्या टोकावर मधोमध बारीक गोल उंचवटा असतो. तो पोकळीत बसतो आणि घाव कडेवर सगळीकडे सारखा पडतो. हाच पंच भरीव पिनेवर मात्र अजिबात वापरू नका. सगळा जोर त्या उंचवट्यावर येऊन पिनेला खळगा पडतो, उंचवटाही तुटतो.

बोल्ट कॅचची पिन रिसीव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्याला, अगदी लगटून असते. त्यासाठी एका बाजूने चपटा केलेला लांब पंच मिळतो. तो घ्याच, आणि रिसीव्हरवर मास्किंग टेप लावा. तिथला ओरखडा कायमचा राहतो.

मापाबद्दल आपल्याकडून आलेल्यांना एक सांगायलाच हवं. मी डिप्लोमा केला तो मिलिमीटरमध्ये, पण एआर इंचात बनलेली आहे. बोल्ट कॅचची पिन ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिमी. २.५ चा पंच त्या भोकात जाणारच नाही आणि २ चा पिनेवर हलत राहील. ट्रिगर गार्डची (चापाभोवतालच्या कडीची) रोल पिन १/८, गॅस ट्यूबची (नळीतला वायू मागे नेणाऱ्या बारीक नळीची) ५/६४.

घट्ट बसलेली पिन पहिल्यांदा हलवायला आखूड, निमुळता स्टार्टर पंच लागतो. १/१६ चा लांब पंच थेट ठोकलात तर वाकतो. पिन हलली की मग लांब पंच लावायचा. डोव्हटेलमधली (तिरक्या कडांच्या खाचेत बसवलेली) साइट सरकवायला पितळ किंवा नायलॉनच हवं. पितळाची पिवळी रेघ उठते, ती सॉल्व्हंटने पुसली जाते. पोलादाचा घाव ब्लूइंग, म्हणजे बंदुकीवरचा निळसर-काळा थर, खरवडून काढतो. पितळी टोक पसरलं की कानस मारून पुन्हा सपाट करा.

पोलादी भरीव पंचांत मला स्टॅरेटचा ५६५ संच आवडतो, १/१६ ते ५/१६ असे आठ नग. पितळात ग्रेस कंपनीचे. सोबत चार औंसांची पितळी हातोडी आणि नायलॉनचा बेंच ब्लॉक, ज्याच्या भोकात पिन खाली पडते आणि बंदूक डुगडुगत नाही. पैसे कमी असतील तर संच राहू द्या. तुमच्या बंदुकीतल्या पिना कॅलिपरने मोजा आणि तेवढेच सुटे पंच घ्या.

पंच हातात घेण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. गोळ्या त्या खोलीतही नकोत.