पन्हळीतले दाणे : आमची वाटचाल

छपरं धुण्याचा धंदा सुरू केला तेव्हा जोरात पाणी मारणारा एक प्रेशर वॉशर, एक शिडी आणि आम्ही दोघे भाऊ, एवढंच भांडवल होतं. सकाळी काळंकुट्ट दिसणारं छप्पर दुपारपर्यंत नव्यासारखं व्हायचं. मालक खूश, आम्हीही खूश.

पहिलं मोठं काम ॲस्फाल्ट शिंगलच्या, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या डांबरी चकत्यांच्या, छपराचं मिळालं. काम उरकल्यावर पन्हळ साफ करताना धाकट्याने ओंजळभर जाडसर काळी वाळू काढून दाखवली. "दादा, केवढी घाण साचली होती बघ." मीही मान डोलावली. ती घाण नव्हतीच. शिंगलच्या वरच्या बाजूवर बसवलेले खनिजाचे दाणे होते ते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या डांबराला तेच वाचवतात, आणि आम्ही ते पाण्याच्या माऱ्याने उपटून पन्हळीत आणून टाकले होते.

पुढच्या वर्षी त्या घराच्या मालकांचा, काकांचा, फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. "एकदा येऊन बघून जा," एवढंच म्हणाले. वर चढलो. जिथे जिथे नोझल जवळ धरलं होतं तिथे शिंगल उघडं पडलं होतं, कडांचा चुरा व्हायला लागला होता. एके ठिकाणी पाणी शिंगलखाली शिरून लाकूड ओलं झालं होतं. तो पाखा आम्ही स्वतःच्या खर्चाने बदलून दिला. पैशांचं दुःख झालंच, पण काकांनी विश्वासाने घर हाती दिलं होतं, ते जास्त लागलं.

मग नवी कामं थांबवली आणि शिकायला बसलो. ज्या काळ्या ओघळांना आम्ही काजळी समजत होतो, ते शिंगलवर बहुतेकदा ग्लोइओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सूक्ष्म नीलहरित जिवाचे असतात. शिंगलमध्ये भरलेल्या चुनखडीच्या भुकटीवर तो पोसला जातो. त्याला जागेवरच मारावं लागतं, खरवडून उपयोग नाही. ॲस्फाल्ट रूफिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना त्यासाठी घरगुती क्लोरीन ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घ्यायला सांगते. 15 ते 20 मिनिटं थांबायचं आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. आम्ही खालची झाडं आधी भिजवतो, नंतरही त्यांच्यावर भरपूर पाणी सोडतो. त्या ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. नव्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

"एवढा खर्च करून फायदा काय?" हा प्रश्न प्रत्येक घरी येतो, आणि यायलाच हवा. वर चढून बघितल्याशिवाय मी आता उत्तर देत नाही. नुसते काळे ओघळ असतील तर स्पष्ट सांगतो, हा दिसण्याचा प्रश्न आहे, डोळ्यांना खुपत नसेल तर राहू द्या. शेवाळाचे गादीसारखे गठ्ठे दिसले तर मात्र मी आग्रह धरतो. ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं, जोडात वाढत कडा वर उचलतं आणि तिथून पावसाला वाट मिळते. दगडफुलासारखे चिकट गोल डाग मेले तरी लगेच सुटत नाहीत. ते घासू नयेत, पावसाला हळूहळू सोडवू द्यावेत. हे आधीच सांगितलं नाही तर काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

छपराचं आयुष्यच संपत आलं असेल तर धुण्याचे पैसे नव्या छपरासाठी ठेवा म्हणतो. गळती तर धुतल्याने थांबतच नाही. जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आम्ही धूत नाही. घासल्याने त्यातले तंतू सुटतात, आणि तो पत्रा माणसाचं वजन पेलेल याचा भरवसा नसतो.

सपाट गच्चीला तर बऱ्याचदा आमची गरजच नसते. पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवली की मोठं काम झालं. 100 चौरस मीटर गच्चीवर 5 सेंटिमीटर पाणी तुंबलं तर ते 5 टन भरतं. जिना आणि कठडा असेल तर झाडू-बादली घेऊन घरचं माणूस हे करू शकतं.

उतरतं छप्पर आलं की हिशेब बदलतो. तिथे तुम्ही औषधाच्या पाण्याचे पैसे देत नाही, उंचीचे देता: दोर, हार्नेस, विमा, ओल्या शेवाळावर पाय कसा टाकायचा याचा सराव. शिडी 4 मीटर उंच टेकवायची तर तिचा पाय भिंतीपासून 1 मीटर लांब लागतो, हे माहीत नसलेली माणसं पडलेली मी पाहिली आहेत. म्हणून आमच्या दराची तुलना बादलीभर ब्लीचशी केली की मला राग येतो.

असं बोलायला लागल्यावर वर्षभर कामं घटली. "दादा, तू गिऱ्हाईक परत पाठवतोस," धाकटा कळवळून म्हणायचा. घरात दोन पगार काढायचे होते, त्याचं चुकत नव्हतं. तेव्हापासून तपासणीचे पैसे वेगळे घेतो, काम निघो न निघो. त्यामुळे वर गेल्यावर काहीतरी काम काढायचंच, असा दबाव राहत नाही.

त्या काकांच्या छपरावर आढ्याच्या खाली आम्ही नंतर तांब्याची पट्टी बसवली. पावसाचं पाणी तिच्यावरून वाहताना थोडं तांबं सोबत नेतं आणि शेवाळाला ते सोसत नाही. गेल्या पावसानंतर बघून आलो. पट्टीखालचा भाग स्वच्छ आहे, वळचणीकडे मात्र पुन्हा ओघळ उतरू लागलेत. "धुवायचं का?" काकांनी विचारलं. मी पन्हळीत हात घालून बघितलं. दाणे नव्हते. "अजून दोन पावसाळे जाऊ द्या, काका," म्हटलं आणि शिडी उतरवली.