शॉर्ट सर्व्हिस

रविवार, रात्री साडेअकरा

लेकीच्या फीसाठी पीएफमधले उरलेसुरले पैसे काढायचे म्हणून दुपारी पोर्टल उघडून बसलो. दोनदा ओटीपी आलाच नाही, तिसऱ्यांदा आला तेव्हा पान बंद पडलं. मग नुसतीच सर्व्हिस हिस्टरी बघितली. रुजू २००३. सोडली २०२०. सोडण्याचं कारण : 'सेसेशन, शॉर्ट सर्व्हिस'.

सतरा वर्षं, आणि शॉर्ट सर्व्हिस! निवृत्ती, मृत्यू, अपंगत्व यातलं काहीच नसेल तर त्या यादीतून हेच निवडतात, हे मला माहीत आहे. तरी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "ते राहू दे, पैसे मिळणारेत का?"

२०२० च्या त्या जूनमध्ये आमच्या पेपरच्या डेस्कवरच्या, म्हणजे बातम्या तपासून पानं लावणाऱ्या, अकरा जणांना एकाच दिवशी फोन गेले. एचआरची मुलगी इंग्रजी आडनावांच्या क्रमाने जात होती. हे दुसऱ्या-तिसऱ्या फोनलाच आमच्या लक्षात आलं, म्हणजे नारळ कुणाला कधी मिळणार याचा अंदाज ज्याचा त्याला. माझं आडनाव शेवटाकडचं. सकाळपासून मोबाइल समोर ठेवून बसलो होतो, जेवणही तिथेच. फोन आला तो पावणेपाचला. दीड मिनिट. राजीनामा दिलात तर दोन महिन्यांचा पगार, नाही दिलात तर... हे वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मेलवर मसुदा तयार होता, 'वैयक्तिक कारणास्तव'वाला. इंग्रजीत. त्यात एक स्पेलिंग चुकलं होतं. ते मी सवयीने दुरुस्त केलं आणि मग सही केली.

राजीनामाच का हवा होता, हे डेस्कवर सगळ्यांना ठाऊक होतं. न्या. राजाध्यक्षांच्या पहिल्या प्रेस आयोगानंतर १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा आला. नोकरकपात करायची तर संपादकाला सहा महिन्यांची नोटीस, बाकी पत्रकारांना तीन महिन्यांची, असं त्यात होतं. राजीनामा आला की कपातच नाही, मग नोटीस कसली? त्या कायद्यात एक गमतीचं कलम होतं. तीन वर्षं नोकरी झालेल्या पत्रकाराने सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून राजीनामा दिला, तरी त्याला ग्रॅच्युइटी. त्या कलमाखाली पैसे घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमचे फोन येऊन गेल्यावर तीनच महिन्यांत संसदेने नवी कामगार संहिता मंजूर केली आणि १९५५ चा तो स्वतंत्र कायदा तिच्या पोटात गेला.

सह्यांची सवय आम्हाला आधीपासूनच लावलेली होती म्हणा. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये लागू झाल्या, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांवर शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात आमच्याकडे एक कागद फिरला : आहे त्या पगारात मी समाधानी आहे. मी सही केली. पुढे २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं की मंडळाने ठरवलेल्यापेक्षा कमी पगार असा सही घेऊन देता येणार नाही. तो निकाल आतल्या पानावर मीच लावला, तीन कॉलम.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. आमच्या फोनांआधीच्या एप्रिल-मेमध्ये हॉटेलं, कारखाने, विमान कंपन्या, सगळ्यांकडच्या कपातीच्या बातम्या मी लावल्या होत्या. एका मथळ्यात 'बेरोजगारीची कुऱ्हाड' लिहिलं आणि मग 'कुऱ्हाड' फार झालं म्हणून काढलं. आमच्या अकरा जणांची एक ओळही कुठे आली नाही. समोरच्या पेपरनेही छापली नाही. त्यांच्याकडचे फोन पुढच्या आठवड्यात गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'डेन्व्हर पोस्ट'ने आपल्याच मालकाविरुद्ध, आल्डेन ग्लोबल कॅपिटल या हेज फंडाविरुद्ध, अग्रलेख लिहिला होता. न्यूजरूममधली आणखी तीस माणसं कमी करायचा हुकूम आला होता, आणि संपादकीय पानाने मालकाला सरळ गिधाड म्हटलं. तो अग्रलेख त्या वेळी आम्ही डेस्कवर मोठ्याने वाचला होता. वाचून झाल्यावर चहा मागवला आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं छपाईला सोडली.

पेपर अडचणीत नव्हता असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या बजेटने आयात कागदावर दहा टक्के कर लावला, तो पुढच्या फेब्रुवारीत निम्मा केला तोवर लॉकडाउन दाराशी आलं. १८ एप्रिलला तर राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायलाच बंदी केली. तीन दिवसांनी मुंबई-पुणे वगळून ती उठली, पण सोसायट्यांच्या वॉचमनला ते कोण सांगणार? चार-पाच रुपयांत कागदाचाही खर्च निघत नाही, पेपर चालतो जाहिरातीवर, आणि जाहिरात शून्य होती.

पण आमच्या मालकांचं पोट पेपरवर कधीच नव्हतं. कॉलेजं होती, जमिनी होत्या, आणखी दोन-तीन धंदे होते. पेपर होता तो वजनासाठी. मंत्रालयात फोन उचलला जावा, कलेक्टरने उठून उभं राहावं, यासाठी. दुसऱ्या प्रेस आयोगाने १९८२ मध्येच सांगितलं होतं की वृत्तपत्रं मालकांच्या बाकीच्या धंद्यांपासून वेगळी करा. केली कुणी? आणि वजनाला मास्टहेड, म्हणजे वरचं पेपरचं नाव, पुरतं, पहिलं पान पुरतं. सुरगाण्यासारख्या तालुक्याच्या बातम्या त्याला लागत नाहीत.

कळवण, सुरगाणा, पेठ. नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्यांची आमच्याकडे आठवड्यातून दोनदा स्वतंत्र अर्धी-अर्धी पानं असत. आमच्यानंतर सगळ्यांचं मिळून एक 'ग्रामीण' झालं, आणि नंतर तेही मोठी जाहिरात आली की उडायचं. सुरगाण्याचा वार्ताहर कधी पगारावर नव्हताच, त्यामुळे त्याला कुणी काढलंही नाही. बातमीमागे किरकोळ मानधन, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. जाहिरात कमी आणली की याच्या बातम्या मागे पडायच्या, आणि त्या मागे ठेवणाऱ्यांत मीही होतो. किराणा दुकान चालवून तो हे करायचा. पाड्यावर टँकर आला नाही, रेशनचं मशीन अंगठा घेत नाही, आश्रमशाळेत शिक्षक नाही. त्याची कॉपी हातात आली की पहिला अर्धा तास ऱ्हस्व-दीर्घातच जायचा.

तो अजून पाठवतो. पेपरला नाही, मला, व्हॉट्सॲपवर. आज संध्याकाळीही एक आली, पुलाचं काम थांबल्याची. 'सर जरा बघुन घ्या.' मी 'बघुन'पासून सुरुवात केली, इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, वर घेतला, ठेकेदाराचं म्हणणं विचारलं आहेस का असं विचारलं. विचारलं होतं. दोनशे दहा शब्दांत बसवून परत पाठवली.

त्याचा अंगठा आला. उद्या सकाळी परत पोर्टल उघडायचं आहे, आठच्या आत सर्व्हर बरा असतो म्हणतात.